एक वार, दोन वार, भोपळा!

शिवाजी पेठेतल्या माणसाला कोल्हापुरातले सगळे ठाऊक असते. निदान त्याचे तसे ठाम मत असते आणि ते खोडून काढायला सहसा कोणी पुढे येत नाही. कुठल्या तालमीत कोण वस्ताद होऊन गेले, फुटबॉलच्या कुठल्या अंतिम सामन्यात गोल कमी आणि दगड जास्त पडले, आजच्या गांधी मैदानाच्या जागी पूर्वी वरुणतीर्थ होते, पांढऱ्या रश्श्याला नारळाचे दूध नेमके कधी घालायचे, या सगळ्यांवर तो न विचारता बोलतो. पण त्याला एकदा विचारून पाहावे, "आबा, रविवारी सकाळी चर्चमध्ये काय चालतं ओ?" आबा क्षणभर थांबतात. त्यांना थांबलेले पाहणे हाच दुर्मीळ योग. मग म्हणतात, "काय न्हाई. गाणी म्हणत्यात आन् केक खात्यात."

यातले अर्धे बरोबर आहे. गाणी म्हणतात. केक नाताळात मिळतो. उरलेले रविवार चहा आणि सूचनांवर निघतात.

हे अज्ञान तसे पेठेला शोभणारे नाही. दुसऱ्याच्या देवापुढे बिचकणारी ही वस्ती नव्हे. इथल्या एका तालमीचे नाव काळा इमाम. मोहरमात शहरातल्या तालमी-तालमींत पंजे बसतात आणि त्यांची उठबस करणारी पोरे पुढे गणपतीच्या मांडवात वायर ओढताना दिसतात. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, हे पाहुण्याला सांगताना तर पेठेतल्या माणसाची छाती वीतभर पुढे येते. मग चर्चनेच काय घोडे मारले? खरे कारण भूगोलाचे आहे. वायल्डर मेमोरियल चर्च न्यू शाहूपुरीत, म्हणजे स्टेशनच्या अंगाला. आणि पेठेतला माणूस तिकडे जातो तो गाडी पकडायला. रविवारी सकाळी तो पेठ सोडत नाही. त्या दिवशी मटणाच्या दुकानापुढे रांग असते.

तरी हे चर्च काही काल-परवाचे नाही. रॉयल गूल्ड वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी आधी काही वर्षे अहमदनगरला होते, ते १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांना इथून घालवून द्यावे म्हणून गावातल्या मातब्बरांनी अर्ज केला. यावरून कोल्हापुरात निवेदन देण्याची परंपरा किती जुनी आहे हे कळते. पुढे १८५७ मध्ये प्रकृती बिघडल्याने वायल्डर अमेरिकेला गेले. शाळांवर किती भर द्यायचा यावरून त्यांचे आणि त्यांच्या अमेरिकन संस्थेचे पटेना. संस्थेने कोल्हापूरचे काम गुंडाळले. वायल्डर काय गप्प बसणार? १८६१ मध्ये ते कोणाच्याही पाठबळाशिवाय, स्वतःच्या हिमतीवर पुन्हा कोल्हापुरात हजर झाले आणि १८७० मध्ये प्रेसबिटेरियन मिशनने हे काम आपल्याकडे घेईपर्यंत तसेच चालवत राहिले.

ही हकीकत पेठेतल्या माणसाला सांगितली, की त्याचा चेहरा एकदम उजळतो. "म्हंजे मंडळ फुटलं! आन् ह्यानं दुसरं काढलं!" धर्मशास्त्रातले त्याला काही कळले नसेल, पण वायल्डरसाहेब पुरते कळले. मंडळाशी बिनसल्यावर त्याच गल्लीत दुसरे मंडळ काढणारा माणूस त्याच्या लेखी कोल्हापूरकरच. पुढे अमेरिकेत परतल्यावर वायल्डरांनी १८७८ मध्ये मिशनकार्याला वाहिलेले मासिकही काढले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. त्याने १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यार्थी शिबिरात असा काही जोर लावला, की शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याला जाण्याची तयारी दाखवली आणि त्यातून एक मोठी विद्यार्थी चळवळ उभी राहिली. एका शिबिरात शंभर कार्यकर्ते! पेठेतला माणूस याचे श्रेय पंचगंगेच्या पाण्याला देऊन मोकळा होतो.

शहरात चर्च काही हे एकच नाही. ऑल सेंट्स आहे, इतर आहेत, आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पवित्र उपासना मंदिर आहे. या टेकडीची एक गंमत सांगायलाच हवी. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले आणि सातवाहनांच्या काळातले विटांचे घर-दार उजेडात आणले. त्याच टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती मिळाली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्र घाटाखाली राहिला, तरी समुद्राचा देव दोन हजार वर्षांपूर्वीच घाट चढून पंचगंगेच्या काठी येऊन राहिला होता. त्या मानाने वायल्डरसाहेब फार उशिरा आले.

आता प्रत्यक्ष उपासनेकडे वळू. पेठेतला माणूस चर्चमध्ये पोचतो तो एखाद्या मित्रामुळे. मित्र कारखान्यातला असतो, नाहीतर शाळेतला, नाहीतर एकेकाळी एकाच बाजूने फुटबॉल खेळलेला. "भावा, पोरगीचा बाप्तिस्मा हाय, रविवारी यायचंच," असे त्याने बजावलेले असते. भावा कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि दारातच अडतो. चप्पल कुठे काढायची? अंबाबाईच्या देवळाबाहेर हजार जोड पडलेले असतात, एकमेकांवर लक्ष ठेवून. इथे पायरीवर एकही नाही. बाकीचे बुटांसह आत चाललेले. ते त्याच्या मनाला पटत नाही. तो चपला काढतो आणि मग पुढचा दीड तास प्रार्थनेत डोळे मिटायची वेळ आली, की एक डोळा दाराकडे ठेवतो.

आत शिरल्यावर पहिला धक्का बाकांचा. पुढची तीन बाके रिकामी, मागची खचाखच. हा नियम महाराष्ट्रातल्या कोणत्याही सभेला लागू आहे, पण निदान सभेत पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात. इथे त्या कोणासाठीच राखलेल्या नाहीत आणि तरी कोणी बसत नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे काही ज्येष्ठ बायका अजून एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. तरुण जोडपी मधोमध, कुठल्याच बाजूची नसल्यासारखी. पाहुण्याला मात्र सगळ्यांत पुढे नेऊन बसवतात. मागच्यांचे पाहून उठायचे-बसायचे, एवढाच त्याचा आधार होता, तोही जातो.

समोर लाकडी फळ्यावर आकडे लावलेले. तीन-चार ओळी, नुसते आकडे. पेठेतल्या जुन्या माणसाच्या मनात हे आकडे पाहून पहिला विचार कोणता येतो ते इथे न लिहिलेले बरे. ओपन कुठला आणि क्लोज कुठला एवढेच तो शेजाऱ्याला विचारायचा राहतो. ते गीतांचे क्रमांक असतात. 'उपासना संगीत' हे पुस्तक हातात येते आणि पान उघडल्यावर दुसरा धक्का. अभंग! ओवी! साकी! आपल्याला अवघड काहीतरी इंग्रजी म्हणावे लागेल म्हणून घशाला कोरड पडलेला पाहुणा एकदम सरसावून बसतो.

याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे हे कवी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि नंतर बरीच वर्षे अहमदनगरला राहिले. विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेली मराठी गाणी ऐकून त्यांच्यातल्या कवीला काय वाटले असेल ते उघड आहे. त्यांनी भजने लिहिली, कीर्तने केली, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला मराठी कान मिळवून दिला. त्यांच्या घरातल्या गमती लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवल्या आहेत. ज्याने ते पुस्तक वाचलेले नाही त्याने हा लेख इथेच सोडून आधी ते वाचावे, लेखाचे काही बिघडणार नाही.

तर गीत सुरू होते. पेटी आहे, तबला आहे, अलीकडे कीबोर्डही आहे. पण गाण्याची लय यांपैकी कोणाच्याही हातात नसते. ती चौथ्या बाकावरच्या मावशींच्या हातात असते. मावशी पन्नास वर्षे हे गीत म्हणत आल्या आहेत, आणि ज्या ओळीवर त्यांना गहिवरून येते तिथे त्या थांबतात. पेटीवाला थांबतो. तबलजी एक मात्रा पुढे जाऊन परत येतो. कॉयरमधली कॉलेजची मुले एकमेकांकडे बघतात. मग मावशी पुन्हा निघतात आणि सगळी मंडळी त्यांच्यामागून निघते. पेठेतला पाहुणा तोवर रंगात आलेला असतो. आषाढीला नंदवाळच्या दिंडीत चालणारा माणूस तो. चाल ओळखीची लागताच त्याने टाळी धरलेली असते आणि शेवटच्या कडव्यानंतर सगळे खाली बसले तरी तो उभाच असतो, गजर बाकी आहे या समजुतीने.

प्रार्थनेला उठा, वाचनाला बसा, गीताला उठा. तालमीत बैठका मारलेल्या माणसाला याचे काही वाटू नये; पण बैठका मोजून असतात, इथला क्रम आधी कळत नाही. तो प्रत्येक वेळी अर्ध्या सेकंदाने उशिरा उठतो आणि अर्ध्या सेकंदाने उशिरा बसतो. पुढच्याच बाकावर असल्याने हे सगळ्यांना दिसते.

पुढे उपदेश. पाळकसाहेबांच्या उपदेशाविषयी एवढेच सांगता येईल, की "शेवटचा मुद्दा" हे शब्द पहिल्यांदा कानावर पडल्यावर घड्याळ पाहू नये. तिसऱ्यांदा पडल्यावर पाहावे. गुड फ्रायडेला तर क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात वक्ते बोलतात, दुपारी बारा ते तीन, आणि तेही मार्च-एप्रिलच्या उन्हात. प्रत्येकाला वेळ नेमून दिलेला असतो. पहिले दोघे तो पाळत नाहीत, मधल्यांना पाळावा लागतो, आणि सातव्याच्या वाट्याला जे उरते त्यात तो जे सांगतो तेच बहुधा लोकांच्या लक्षात राहते. आयोजकांनी याचा विचार करायला हरकत नाही.

मग अर्पण. काठीला लावलेली मखमली पिशवी बाकाबाकांतून फिरते. पिशवी अशी शिवलेली, की हात आत जातो पण आत काय पडले ते शेजाऱ्याला दिसत नाही. वर्गणीच्या गावातून आलेल्या माणसाला ही व्यवस्था अस्वस्थ करते. पेठेत वर्गणी म्हणजे पावती, पावतीवर रक्कम, रकमेवरून वाद आणि वादानंतर मांडवाच्या दारात फलकावर नाव. पाहुणा नोट आत टाकतो आणि पिशवीवाल्याकडे आशेने बघत राहतो. पिशवीवाला पुढे जातो. "पावती?" तो मित्राच्या कानात विचारतो. मित्र म्हणतो, "वर मिळती."

आणि यानंतर येतात त्या सूचना.

चर्चचा खरा प्राण कशात आहे यावर धर्मपंडित काहीही म्हणोत, कोल्हापुरातल्या मंडळीचा प्राण सूचनांत आहे. उपदेशात पेंगणारे गृहस्थही सेक्रेटरी कागद घेऊन उभे राहिले, की सावरून बसतात. बुधवारी अमक्यांच्या घरी प्रार्थनासभा, वेळ सात म्हणजे सात. स्त्रीमंडळाची सभा, येताना मागच्या सभेचे डबे परत आणावेत. संडे स्कूलची सहल पन्हाळ्याला, नावे आजच द्यावीत. रक्तदान शिबिर. एक काळी छत्री सापडली आहे. तीच काळी छत्री गेल्या महिन्यातही सापडली होती. मग उपकारस्तुतीची अर्पणे वाचून दाखवतात. मराठी मंडळ्यांची ही जुनी चाल. घरात चांगले घडले, की पाकिटात काही रक्कम घालून कारण लिहून द्यायचे. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या लग्नाला पंचवीस वर्षे, कोणाची मुलगी बारावी पास, कोणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पार पडले, कोणाला वर्षभर रखडलेला प्लॅन महापालिकेतून मंजूर होऊन मिळाला. या शेवटच्याला आमेन जरा जोरात येतो. पाच मिनिटांत सगळ्या मंडळीला सगळ्या घरांची खबर लागते. पेठेत याच कामाला दोन चहाच्या टपऱ्या, एक सलून आणि अख्खी संध्याकाळ लागते.

इथे पेठेतला माणूस पहिल्यांदा कबूल करतो, की यांची व्यवस्था आपल्यापेक्षा पुढची आहे.

व्यवस्थेवरून आठवले. प्रेसबिटेरियन पद्धतीत बिशप नसतो. जिनिव्हात कॅल्व्हिनने जी घडी बसवली आणि १५६० च्या सुमारास जॉन नॉक्सच्या मंडळींनी स्कॉटलंडमध्ये रुजवली, तिच्यात मंडळीने आपले वडील निवडायचे आणि वडिलांनी पाळकाबरोबर बसून कारभार बघायचा. त्यांच्यावर प्रेसबिटरी, तिच्यावर सिनॉड, सगळ्यांत वर जनरल असेंब्ली. थोडक्यात, निवडणूक, बैठक, ठराव, आणि ठरावावर अपील. हा पंथ जगात कुठेही गेला असता तरी चालला असता, पण कोल्हापुरात आला तेव्हा तो घरी आला. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा पंख्यांच्या दुरुस्तीवर जी चर्चा होते, ती शिवाजी पेठेतल्या कुठल्याही तालमीत शब्दही न बदलता चालेल. "पंखे किती, दुरुस्त किती, आणि मग बिल एवढं कसं?" उत्तर देणाऱ्याचा आवाज चढतो. कोणीतरी मध्यस्थी करतो. शेवटी प्रार्थना होते, हा मात्र फरक आहे; तालमीत शेवटी चहा होतो. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर चहाही होतो, म्हणजे इथेही तेच पुढे.

एका बाबतीत तर पेठेने कायमचा धडा घ्यावा. उत्तर भारतातल्या सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. एक्केचाळीस वर्षे! पाहुण्याला हे सांगितले तेव्हा त्याला एक्केचाळीस वर्षांचे काही वाटले नाही. "सहा मंडळं एक झाली?" एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. "आन् अध्यक्ष कोण झाला?"

शाहू महाराजांना या सगळ्याची नस चांगली माहीत होती. कोल्हापूरकराला काही द्यायचे तर त्याच्या त्याच्या मंडळाला द्यावे. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंगपासून त्यांच्या आधाराने वसतिगृहांची जी रांग लागली, तीत १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला मिस क्लार्क आणि १९१५ ला इंडियन ख्रिश्चन होस्टेलही उभे राहिले. मिशनच्या दवाखान्यांशी तर पेठेचे नाते आपोआप जुळलेले आहे, फक्त त्याच्या लक्षात नसते. दुखणे हाताबाहेर गेले, की आजही घरातले थोरले म्हणतात, "मिरजंला न्या." मिरज ही औषधपाण्याची पेठ झाली ती डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे इस्पितळ उघडले तेव्हापासून. कोल्हापुरातले मेरी वानलेस हॉस्पिटल त्यांच्या पत्नीच्या नावाचे. हे ऐकल्यावर पाहुण्याला आपल्या थोरल्या आत्याचे अपेंडिक्स आठवते आणि तो मित्राच्या आईला अचानक वाकून नमस्कार करतो. त्या "सलाम" म्हणून हात पुढे करतात. नमस्कार आणि सलाम यांची मध्येच गाठ पडते आणि चष्मा खाली पडतो.

नाताळाविषयी फार सांगायला नको. ते दिवस सगळ्यांना दिसतात. आधीच्या रात्रींत कॅरोलवाल्यांची टोळी घरोघर फिरते. कोणाच्या गळ्यात ढोलकी, कोणाच्या हातात खंजिरी, एकाला कापसाची दाढी. प्रत्येक घरी दोन गाणी, एक प्रार्थना आणि खाणे. पहिल्या घरी गाणी जोरात आणि खाणे संकोचाने. आठव्या घरी उलट. गल्लीतली कुत्री सांताक्लॉजला दरवर्षी नव्याने भुंकतात. घरात पाहावे तर करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, म्हणजे दिवाळीचाच फराळ, फक्त दोन महिने उशिरा. दिवाळीत शेजाऱ्याकडून आलेले ताट याच वेळी परत जाते. रिकामे ताट परत करायचे नाही हा नियम दोन्ही धर्मांना मान्य असल्याने काही ताटांची मूळ मालकी आता कोणालाच सांगता येत नाही. पूर्वी केकचे पीठ घरी घोटून डब्यात भरायचे आणि बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचे. आपला डबा ओळखण्यासाठी पत्र्यावर खुणा करायच्या, आणि तरीही दुसऱ्याचा केक घरी यायचा. तो नेहमी आपल्यापेक्षा चांगला फुगलेला असायचा, म्हणून परत करायला कोणी जात नसे. पंचवीस तारखेला दुपारी अर्थातच तांबडा-पांढरा. त्याबाबत कोल्हापुरात धर्मभेद नाही.

पण पेठेतल्या माणसाचा खरा मुक्काम हंगामाच्या सणाला. पिकातला पहिला वाटा देवापुढे आणायचा, ही बायबलमधली जुनी रीत. मराठी मंडळ्यांत ती शेतकऱ्यांमुळे आली आणि शहरात शेती संपली तरी टिकली. वेदीपुढे उसाची मोळी उभी असते, गुळाची ढेप असते, ज्वारी, वांगी, नारळ, अंड्यांचे ट्रे, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेली एखादी कोंबडी. ती उपदेशाच्या नेमक्या ऐन जागी बोलते. उपासना संपली, की हे सगळे बाहेर मांडवात येते आणि लिलाव पुकारला जातो.

या लिलावाला बाजाराचे नियम लागू नाहीत. लिंबू पाचशेला जाते. गुळाची ढेप घेणारा पैसे भरतो आणि ढेप पुन्हा लिलावाला देतो. दुसरा घेतो, तोही देतो. संध्याकाळपर्यंत एकच ढेप चारदा विकली जाऊन पहिल्या जागीच उभी असते. शाहूपुरीच्या गूळ सौद्यात आयुष्य घालवलेला व्यापारी हे पाहून घरी जाऊन पडून राहील. लिलाव पुकारणारा गृहस्थ एरवी बँकेत कारकून असतो, पण त्या दिवशी त्याच्या अंगात येते. कोण रागावला तर जास्त बोली लावतो आणि कोणाला हसवले की खिसा सैल होतो, हे त्याला तोंडपाठ असते.

शहरातल्या एका मंडळीत अशाच लिलावाला शिवाजी पेठेतले एक पाहुणे आले होते. वस्तू होती एक भोपळा. मोठा, पण भोपळाच. बोली पन्नासवर रेंगाळत होती. पाहुण्यांनी सहज, मित्राच्या शब्दाखातर, साठ म्हटले. मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "सत्तर." पाहुण्यांनी मान वळवली. तिकडे दुसऱ्या कोणाचे तरी पाहुणे बसले होते. मित्र हळूच म्हणाला, "मंगळवार पेठंचं हाईत."

बस. इथून पुढे जे झाले त्यात भोपळ्याचा काही दोष नव्हता.

शंभर. दीडशे. तीनशे. फुटबॉलच्या मैदानावर पिढ्यान्पिढ्या चाललेला हिशेब मांडवात उघडला गेला. मंडळीतले म्हातारे खुर्च्या ओढून जवळ आले. कॉयरच्या मुलांनी दोन बाजू वाटून घेतल्या. आठशेला पाहुण्यांच्या पत्नीने शर्ट ओढला. शर्ट ओढल्याने त्यांचा हात वर गेला आणि पुकारणाऱ्याने तो हजार धरला. पाळकसाहेब शांततेवर दोन शब्द बोलावेत या विचाराने पुढे सरकले होते. त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिले, बंद असलेल्या दुसऱ्या पंख्याकडे पाहिले आणि ते परत जागेवर जाऊन बसले. "एक वार... दोन वार..." शेवटी भोपळा दोन हजार एकशे एक रुपयांना शिवाजी पेठेत गेला. मंगळवार पेठेच्या पाहुण्यांनी मोठ्या मनाने हात मिळवला आणि लगेच लोणच्याची बरणी दोन हजार दोनशेला उचलली.

भोपळा खांद्यावर घेऊन पाहुणे पेठेत शिरले तेव्हा चौकात विचारणा झाली. त्यांनी रक्कम सांगितली. चौक गप्प झाला. मग त्यांनी समोर बोली कोण लावत होते ते सांगितले, तेव्हा चौकाने निर्णय दिला, की भोपळा स्वस्तात मिळाला.

मंडळीच्या पुढच्या बैठकीत पंख्यांचा विषय दहा मिनिटांत संपला. सेक्रेटरींनी एक ठराव मांडला आणि तो, मंडळीच्या इतिहासात प्रथमच, चर्चेविना मंजूर झाला: हंगामाच्या सणाचे आमंत्रण दोन्ही पेठांतल्या पाहुण्यांना कायमचे द्यावे आणि त्यांना मांडवाच्या दोन टोकांना बसवावे. रविवार पेठेतल्या कोणाला इच्छा असेल तर तिसऱ्या टोकाची सोय होऊ शकते. बोली लावायला धर्म विचारत नाहीत, पैसे रोख लागतात, पावती मिळत नाही, आणि भोपळा नेण्याची व्यवस्था ज्याची त्याने करायची आहे.